धुराची वाट मोकळी, तर गाळप मोकळे



दसऱ्याच्या मागेपुढे आपण बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो. पूजा होते, नारळ फुटतो, आणि त्यानंतर बॉयलर हा इंजिनिअरसाहेबांचा आणि फायरमनचा विषय, आपला विषय फक्त ऊस, असे समजून आपण सगळे शेताकडे वळतो. पुढे भर हंगामात एखाद्या रात्री गाळप मंदावते, गव्हाण थांबते, अड्ड्यावर गाड्यांची रांग लागते. सकाळी गट ऑफिसात प्रश्न येतो, "साहेब, कारखाना का थांबला?" उत्तर मिळते, "वाफ कमी पडली." एवढ्यावर सभासदाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. कारखान्याचा मालक तो आहे.

वाफ कमी पडण्याची कारणे अनेक असतात. त्यातले एक मोठे कारण म्हणजे बॉयलरमधल्या तापलेल्या धुराची वाट बिघडणे. आम्ही शेतकी खात्याची माणसे. तरीही बॉयलर विभागातील सहकाऱ्यांकडून समजून घेऊन हा विषय मुद्दाम मांडत आहोत. कारण या वाटेवर जो अडथळा साचतो, त्यातला बराचसा उसाच्या फडातून मोळीबरोबर येतो. म्हणजे विषय फिरून आपल्याच बांधावर येतो.

गुऱ्हाळाचे चुलवाण आठवा

आपल्यापैकी पुष्कळांनी गुऱ्हाळ पाहिले आहे. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर काहील, मागे धुराडे. धुराड्याची ओढ चांगली असली की जाळ काहिलीच्या बुडाखालून सरकत जातो आणि रसाला उकळी येते. धुराडे चोंदले की धूर उलटा तोंडाकडे येतो, जाळ घालणारा खोकून बेजार होतो, रस तापत नाही आणि गुळव्या ओरडतो. चिपाड तेवढेच, रस तेवढाच, पण गूळ बिघडतो. बिघाड असतो तो वाटेत.

कारखान्याचा बॉयलर हे याच चुलवाणाचे मोठे रूप आहे. फरक एवढाच की, चुलवाणात धूर काहिलीला एकदा शिवून निघून जातो आणि बरीच उष्णता आकाशात जाते. बॉयलरमध्ये धुराला मुद्दाम लांबच्या वाटेने फिरवतात आणि प्रत्येक वळणावर त्याच्याकडून उष्णता काढून घेतात. इंग्लंडमध्ये १८४४ साली निघालेल्या लँकेशायर बॉयलरमध्ये पाण्याच्या मोठ्या टाकीतून दोन जाड नळ काढून त्यांतून जाळ आणि धूर नेला होता. अमेरिकेत बॅबकॉक आणि विलकॉक्स या दोघांनी १८६७ साली पेटंट घेतलेल्या बॉयलरमध्ये उलटे केले: पाणी नळ्यांच्या आत आणि धूर नळ्यांच्या बाहेरून. आज साखर कारखान्यांत जे बॉयलर आहेत ते या दुसऱ्या कुळातले. नळ्यांच्या रांगांमध्ये आडभिंती घालून धुराला खालीवर वळवत नेले की तो प्रत्येक नळीला शिवतो, ही त्यातली खुबी.

धुराचा प्रवास

बगॅस, म्हणजे आपला भुसा, भट्टीच्या जाळीवर हवेच्या झोताने पसरून टाकतात. बराचसा भुसा उडता उडताच पेटतो. भट्टीत धुराचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते. तिथून धूर निघतो तो आधी वाफ अधिक तापवणाऱ्या नळ्यांवर जातो. याला सुपरहीटर म्हणतात. मग पाण्याच्या नळ्यांचे दाट बन लागते. त्यापुढे इकॉनॉमायझर, जिथे बॉयलरला जाणारे पाणी गरम होते. त्यापुढे एअर हीटर, जिथे भट्टीला जाणारी हवा गरम होते. गरम हवेने ओला भुसा लवकर सुकतो आणि पेटतो. नंतर राख पकडणारी यंत्रणा, मग धूर ओढणारा मोठा पंखा, ज्याला आयडी फॅन म्हणतात, आणि शेवटी धुराडे.

भट्टीत हजार अंशांना निघालेला धूर धुराड्यापाशी १५० ते १६० अंशांवर आलेला असला, तर वाटेत त्याने उष्णता नीट दिली असे समजावे. तोच १८० वर गेला, तर वाटेत कोणीतरी उपाशी राहिले. धुराचे तापमान साधारण २२ अंशांनी वाढले की बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्याने घटते, असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे.

आता हा धूर असतो तरी किती? एक टन भुशात निम्मे, म्हणजे अर्धा टन, पाणीच असते. तो जाळायला साधारण पावणेचार टन हवा लागते. हवेला वजन असते हे आपण विसरतो. जळण आणि हवा मिळून साडेचार ते पावणेपाच टन धूर तयार होतो. म्हणजे रोज २५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला जेवढा ऊस गव्हाणीत पडतो, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा धूर बॉयलरच्या नळ्यांमधून ओढून बाहेर काढावा लागतो. एवढा मोठा प्रवाह अडला की कारखाना अडणारच.

धूर पाण्यासारखा वाहतो

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पाटाचे पाणी सरीत सोडले की ते सोपी वाट शोधते. वरंबा फुटला तर पाणी एकाच सरीत धावते, बाकीच्या सऱ्या कोरड्या राहतात. सरीत गवत-पाचट अडकले तर पाणी तुंबते. पाटाला घूस लागली तर मोटर चालूच राहते आणि पाणी शेंड्याला पोचत नाही. धुराचेही नेमके असेच तीन रोग आहेत.

पहिला रोग तुंबण्याचा. नळ्यांवर राख आणि काजळी बसते. काजळी उष्णता अडवते. नळ्यांवर ३ मिलिमीटर काजळी साचली तर जळण सुमारे अडीच टक्के जास्त लागते. थर वाढत गेला की दोन नळ्यांमधली फटच बुजते. मग पंखा कितीही फिरवला तरी धूर निघत नाही. भट्टीत हवेचा दाब नेहमी बाहेरच्यापेक्षा किंचित कमी, पाण्याच्या स्तंभाच्या मापाने दोन ते पाच मिलिमीटर कमी, ठेवायचा असतो, म्हणजे जाळ आतच राहतो. वाट तुंबली की हा दाब उलटा होतो आणि भुसा टाकण्याच्या तोंडातून जाळाचा लोळ बाहेर येतो. तिथे आपल्याच गावचा फायरमन उभा असतो, हे ध्यानात असावे.

शिवाय अर्ध्या फटी बुजल्या की सगळा धूर उरलेल्या फटींतून दुप्पट वेगाने पळतो. धुरात वाळूचे कण असतात. वेग दुप्पट झाला की नळीची झीज दुप्पट होत नाही, ती आठपटीच्या घरात जाते. घासून घासून नळी पातळ होते आणि एक दिवस फुटते.

दुसरा रोग आडभिंत फुटण्याचा. वरंबा फुटावा तसा धूर वळसा न घेता मधूनच पुढे निघून जातो. मागच्या नळ्यांना उष्णता मिळत नाही. धूर मात्र भराभर निघालेला दिसतो, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. तो गरमच बाहेर पडतो, तेव्हा तापमान पाहिल्याखेरीज हा रोग कळत नाही.

तिसरा रोग घुशीचा, म्हणजे बाहेरची थंड हवा आत शिरण्याचा. दरवाजाचा पॅकिंग दोर गेलेला, पत्र्याला भोक पडलेले, एअर हीटरच्या नळ्या कुजून चाळण झालेल्या. पंखा मग धुराऐवजी फुकटची हवा ओढत बसतो. तोच पंखा, तीच वाट, पण १० टक्के जास्त वायू ओढायचा झाला तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. वीज जाते, आणि भट्टीला ओढ कमी पडते ती पडतेच.

माती कोठून येते?

स्वच्छ उसाच्या भुशात राख थोडी असते. कोरड्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. ती बॉयलरला पचते. पचत नाही ती उसाबरोबर येणारी माती. हिशेब करून पाहा. उसाच्या वजनात फक्त एक टक्का माती धरली, तर २५०० टन गाळपाला रोज २५ टन माती गव्हाणीत पडते. १२० दिवसांच्या हंगामात ३००० टन. काही माती रसाबरोबर जाते आणि प्रेसमडमधून निघते. उरलेली भुशाबरोबर सरळ भट्टीत जाते. तिथे ती जळत नाही. थोडी जाळीवर पडते, बाकीची धुराबरोबर उडत नळ्या घासत जाते आणि सापडेल त्या वळणावर बसते. मिलच्या रोलरची झीज वेगळीच.

ऊस जमिनीपासून वर तोडला तर खोडक्यात साखर राहते, म्हणून जमिनीलगत तोड हवी, हे आम्ही नेहमी सांगतो. पण जमिनीलगत म्हणजे मुळ्यांसकट उपटून नव्हे. मुळ्यांच्या जटेत मूठभर माती सहज बसते. लोळलेला ऊस, ओल्या रानातली तोड, चिखलातून ओढत नेलेल्या मोळ्या, ढीग करून यंत्राने भरलेल्या गाड्या, या सगळ्यांतून माती येते. ऊसतोडणी यंत्राने होणाऱ्या तोडणीत रान उंचसखल असेल आणि पाते खोल चालले, तर माती उसाबरोबरच कांड्यांत मिसळते.

"पाचटही जळणच ना?"

गट सभेत हा प्रश्न हमखास येतो. "साहेब, पाचट आणि भुसा दोन्ही जळतात. मोळीत चार पाने जास्त आली तर बॉयलरला तेवढाच जाळ. बिघडले कुठे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

पाचट जळते हे खरे. पण पानांत आणि हिरव्या वाढ्यांत पालाश आणि क्लोरीन भुशापेक्षा बरेच जास्त असते. उसाचे कांडे मिलमध्ये पाण्याने धुऊन पिळून निघते, त्यामुळे त्यातले हे क्षार बरेचसे रसात जातात. उसाची राख साधी कोरडी असली तर वाफेच्या झोताने झाडून निघते. पालाशामुळे राख कमी तापमानाला मऊ पडते, चिकट होते आणि सुपरहीटरच्या नळ्यांना गुळाच्या पाकासारखी धरते. थंड झाली की दगड. वीज तयार करण्यासाठी अनेक कारखान्यांनी ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर बसवले आहेत. त्यांच्या सुपरहीटरमध्ये वाफ ५०० अंशांच्या आसपास आणि त्याहूनही वर तापवतात. अशा नळ्यांवर ही चिकट राख अधिकच त्रास देते.

आणि तोच पालाश रानात राहिला तर? पाचट सरीत ठेवून कुजवले तर खोडव्याला पालाशही मिळतो, ओलही टिकते, सेंद्रिय कर्बही वाढतो. म्हणजे बॉयलरला जे विष, ते जमिनीला औषध. ते गाडीत भरून, वाहतूक खर्च करून, कारखान्यावर आणून टाकण्यात कोणाचेच हित नाही. पाचट पेटवूनही देऊ नये, हे ओघाने आलेच.

थांबलेल्या दिवसाची किंमत

नळ्या पूर्ण बुजल्या किंवा एखादी नळी फुटली तर चालू बॉयलरमध्ये काही करता येत नाही. बॉयलर थंड करायचा, आत माणूस उतरवायचा, खरवडायचे किंवा फुटलेली नळी बंद करायची, पाण्याचा दाब देऊन तपासायचे आणि सावकाश पुन्हा पेटवायचा. यात दिवस-दोन दिवस सहज जातात. एकरी ४० टन धरले तर एक दिवस कारखाना थांबणे म्हणजे साठ एकरांहून अधिक उसाची तोड पुढे ढकलणे. तोडून पडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखर उतरते. मार्चच्या उन्हात ज्याचा ऊस अड्ड्यावर दोन दिवस उभा राहिला आहे, त्याला हे सांगायला नको.

कारखाना थांबला नाही तरी नुकसान चालूच असते, ते दिसत नाही इतकेच. पुन्हा २५०० टनांचेच उदाहरण घेऊ. उसाच्या वजनाच्या ४८ टक्के वाफ लागते असे धरले तर रोज १२०० टन वाफ. एक टन भुशापासून २.२ टन वाफ निघत असेल तर भुसा लागेल सुमारे ५४५ टन. धुराची वाट बिघडून हे प्रमाण २.१ वर आले तर लागेल ५७१ टन. फरक रोजचा २६ टन. १२० दिवसांत ३१०० टनांच्या वर भुसा जास्त जळाला. हा भुसा कागद गिरणीला विकला असता, त्याची वीज झाली असती किंवा पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला उपयोगी पडला असता. ताळेबंदातला तो पैसा शेवटी उसाच्या दराशी आणि सभासदाशीच निगडित आहे.

कारखान्याने काय करायचे?

सगळा भार सभासदावर टाकणे न्यायाचे नाही. धुराची वाट राखणे हे कारखान्याचे पहिले काम. बंद हंगामात नळ्या आतून-बाहेरून साफ करणे, नळ्यांची जाडी मोजणे, आडभिंती दुरुस्त करणे, एअर हीटरच्या कुजलेल्या नळ्या बदलणे, दरवाजे आणि पत्रे हवाबंद करणे. चालू हंगामात ठरल्या वेळी वाफेच्या झोताने नळ्या झाडणे, जाळीवर भुसा सगळीकडे सारखा पसरतो की एका कोपऱ्यात ढीग होतो हे पाहणे, आणि वरून दुय्यम हवेचा झोत देऊन धूर भट्टीतच नीट घुसळणे, म्हणजे तो पुरता जळून पुढे जाईल.

याला मोजमापाची जोड हवी. सुपरहीटरच्या आधी आणि नंतर, एअर हीटरच्या आधी आणि नंतर, अशा ठिकाणी दाब मोजला की वाट कुठे तुंबते ते कळते. दोन ठिकाणच्या दाबातला फरक रोज थोडा थोडा वाढत असेल, तर त्या दरम्यान राख साचते आहे. धुरातला प्राणवायू भट्टीच्या तोंडाशी चार ते सहा टक्के असावा. पुढे तो वाढलेला दिसला की मध्ये कुठेतरी हवा शिरते आहे. धुराड्याचा धूर काळा तर हवा कमी, हे आपल्यालाही बांधावरून ओळखता येते. त्या धुरातली काजळी शेजारच्या वस्तीवर आणि द्राक्षबागांवर पडते, तेव्हा तोही प्रश्न आपलाच. वार्षिक सभेत सभासदांनी उतारा आणि दर विचारावा, तसेच "भुसा किती वाचला? वाफेसाठी कारखाना किती वेळ थांबला?" हेही अवश्य विचारावे.

सभासदाने काय करायचे?

सभासदाच्या हातची कामे थोडी आहेत, पण ती दुसरे कोणी करू शकत नाही.

मोठी बांधणी वेळेवर आणि भरपूर मातीची करावी, म्हणजे ऊस लोळणार नाही. उभा ऊस स्वच्छ तुटतो. तोडणीआधी जमिनीच्या मगदुराप्रमाणे १२ ते १५ दिवस, भारी काळ्या रानात त्याहून थोडे अधिक दिवस, पाणी बंद ठेवावे. रान घट्ट होते, गाडी रुतत नाही, माती चिकटत नाही आणि उताराही सुधारतो. तोड जमिनीलगत, पण धारदार कोयत्याने. मुळ्या निघाल्या तर झटकून तासाव्यात. पाचट सोलून, वाढे आणि बांडी बाजूला काढून मोळी बांधावी. पोसलेले नसलेले पांगशे मोळीत घालू नयेत. त्यांत साखर नाही, पाणीच जास्त. यंत्राने तोडणी करायची असेल तर लागणीच्या वेळीच सरीचे अंतर साडेचार ते पाच फूट ठेवावे, बांधावरचे दगडगोटे वेचावेत आणि रान सपाट राखावे.

"टोळी ऐकत नाही, आम्ही काय करणार?" ही तक्रार आमच्या कानावर रोज येते, आणि ती खोटी नाही. टोळीला टनावर पैसे मिळतात, वेळ कमी असतो, माणसे घरदार सोडून आलेली असतात. पण फड सुरू होताना मालक स्वतः हजर राहून मुकादमाला दोन गोष्टी समजावून सांगतो, पहिल्या दोन-चार मोळ्या सोडवून पाहतो, तिथे ऊस स्वच्छ येतो, हा गटागटातला अनुभव आहे. टोळीसाठी फडावर पिण्याचे पाणी ठेवावे, वाढ्यांचा वाद पहिल्याच दिवशी मिटवावा आणि मग स्वच्छ तोडीचा आग्रह धरावा. तक्रार राहिलीच तर गाडी भरण्याआधी चिटबॉयला किंवा गट ऑफिसला सांगावे. गाडी काट्यावर गेल्यावर सांगून उपयोग नसतो.

काही जण मनात म्हणतात, "माती काट्यावर वजनात धरली गेली तर आपलाच फायदा." त्यांना एवढेच सांगणे आहे की कारखाना परका नाही. मातीच्या वजनाचे पैसे एका खिशात घालायचे आणि फुटलेल्या नळीचे, वाया गेलेल्या भुशाचे, वाळलेल्या उसाचे पैसे दुसऱ्या खिशातून काढून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात शेजाऱ्याचा ऊस अड्ड्यावर वाळतो, तो तोटा वेगळाच.

यंदा अग्निप्रदीपनाला याल तेव्हा बॉयलर विभागाच्या लोकांशी चार शब्द बोला. धूर कोठून कसा फिरतो ते त्यांना विचारा, ते आनंदाने सांगतील. आपल्या फडात तोड पडेल त्या दिवशी मात्र कोयत्यापाशी स्वतः उभे राहा. स्वच्छ, ताजा आणि पक्व ऊस गव्हाणीत पडावा, बॉयलरची वाट मोकळी राहावी आणि हंगाम अखंड चालावा, यासाठी सर्व सभासदांचे सहकार्य मिळावे, ही विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग